सशाच्या अँटिबॉडीचं घराणं कसं वाचायचं

इम्युनॉलॉजीच्या पुस्तकात 'अॅलोटाइप' या शब्दाला, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांच्या अँटिबॉडीतल्या वारशाने उतरणाऱ्या फरकाला, जेमतेम अर्धं पान मिळतं. परीक्षेपुरतं ते पुरतंही. पण एखाद्याला प्रकल्पासाठी सशांच्या एका कुटुंबाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) मिळालं आणि 'कोणत्या पिल्लाला आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, ते लिहून आण' असं सांगितलं, की गाडी अडते. नागपुरात एम.एस्सी.ची पोरं माझ्याकडे येतात ती बहुतेक याच टप्प्यावर. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी ससा कोणता ते ठरवा

हसू नका. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लागतो. वावरात संध्याकाळी टुणकन उडी मारून पळतो तो लेपस. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि त्याची गुणसूत्रं ४८. पिंजऱ्यात पाळतो तो मूळचा युरोपातला ओरिक्टोलेगस. त्याची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली, आणि गुणसूत्रं ४४. आपला सगळा विषय या दुसऱ्याचा आहे. वावरातला ससा वन्यजीव कायद्याखाली येतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. प्रयोगशाळेत बहुधा न्यूझीलंड व्हाइट असतो, पांढराशुभ्र आणि लाल डोळ्यांचा. त्याच्या रंगावरून अँटिबॉडीबद्दल काहीही कळत नाही.

पहिली पायरी: कागदावरची भाषा शिकून घ्या

१९५६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झाक उदँ यांनी एका सशाच्या अँटिबॉडी दुसऱ्या सशाला टोचल्या. प्राण्याची जात तीच असल्यामुळे प्रतिक्रिया येऊ नये असं कुणालाही वाटलं असतं. पण काही सशांनी त्या अँटिबॉडीविरुद्धच अँटिबॉडी बनवल्या. म्हणजे एकाच जातीच्या दोन प्राण्यांच्या अँटिबॉडीतही घराण्याघराण्याचा फरक असतो, आणि तो वारशाने उतरतो. या फरकाला उदँ यांनी अॅलोटाइप हे नाव दिलं.

१९६२ मध्ये या विषयातल्या लोकांनी लिहिण्याची एक पद्धत ठरवली, तीच आजही चालते. जनुकाच्या जागेला अक्षर आणि प्रकाराला आकडा. ए या जागेवर ए१, ए२, ए३. बी या जागेवर बी४, बी५, बी६, बी९. 'बी१ का नाही?' हा प्रश्न दरवर्षी येतो. आकडे सगळ्या जागांना मिळून सलग दिले गेले, ए ने तीन घेतले म्हणून बी चारपासून सुरू झाला, एवढंच.

अँटिबॉडी जड आणि हलक्या अशा प्रथिनांच्या साखळ्यांची बनलेली असते. ए म्हणजे जड साखळीचा बदलता भाग, जिथे प्रतिजन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) पकडला जातो तो. बी म्हणजे कॅपा या हलक्या साखळीचा स्थिर भाग. सशाच्या बहुतेक अँटिबॉडीत हलकी साखळी कॅपाच असते, त्यामुळे बी सहज दिसतो. लॅम्डा या दुसऱ्या हलक्या साखळीसाठी सी७ आणि सी२१ आहेत, पण सुरुवातीला ते बाजूला ठेवा. जड साखळीच्या स्थिर भागावर आणखी दोन जागा लक्षात ठेवायच्या. डी म्हणजे बिजागरीचा भाग: डी११ मध्ये मेथिओनिन, डी१२ मध्ये थ्रिओनिन. ई त्याच्या पुढे: ई१४ मध्ये थ्रिओनिन, ई१५ मध्ये अॅलनिन. या दोन्ही ठिकाणी फरक फक्त एका अमिनो आम्लाचा. बी४ आणि बी९ मात्र कितीतरी जागी वेगळे आहेत. 'अॅलोटाइप म्हणजे किरकोळ फरक' असं वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका.

दुसरी पायरी: चौकट काढा, पण वाटाण्याची नको

ए आणि बी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून ते स्वतंत्रपणे उतरतात. आणि दोन्ही सहप्रभावी आहेत. बी४ आईकडून आणि बी५ बापाकडून आला तर पिल्लाच्या सीरममध्ये दोन्ही सापडतात. लपून बसणारं कुणी नाही. मेंडेलच्या वाटाण्याच्या उंचीसारखं 'उंच दिसतोय, पण आत काय आहे?' हे कोडं इथे पडत नाही, त्यामुळे कसोटी संकराचीही गरज नाही.

सवयीने पोरं ९:३:३:१ लिहून मोकळी होतात. ते इथे चुकतं. आई आणि बाप दोघेही ए१ए२, बी४बी५ असतील तर सोळा घरांच्या चौकटीत नऊ प्रकार निघतात आणि प्रमाण येतं १:२:१:२:४:२:१:२:१. चारही खुणा असलेली पिल्लं सर्वांत जास्त, सोळात चार. एकदा हाताने काढून बघा. मोबाइलवर तयार चौकट शोधू नका, कारण ती बहुधा वाटाण्याचीच मिळेल.

ए, डी आणि ई मात्र एकाच गुणसूत्रावर जवळजवळ बसले आहेत. ते जवळपास नेहमी एकत्र प्रवास करतात. बापाकडे एका गुणसूत्रावर ए१-डी१२-ई१५ आणि दुसऱ्यावर ए३-डी११-ई१५ असेल, तर पिल्लाला यांतलं एक गाठोडं अख्खं मिळतं. ए१ बरोबर डी११ आलेलं पिल्लू दिसलं तर? अशी अदलाबदल खरोखर झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, पण ती विरळा. तुमच्या हातातल्या पहिल्याच कुटुंबात ती निघाली असं वाटलं, तर आधी नळीवरचं लेबल पुन्हा वाचा.

तिसरी पायरी: परवानगी, आणि मग दिनदर्शिका

शक्यतो साठवलेल्या सीरमवर काम करा. नवीन प्राणी लागणारच असतील तर आधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए, तिच्याकडे नोंद असलेल्या प्राणिगृहातच हे काम होऊ शकतं. घरी पाळलेल्या सशाच्या कानात सुई घालून 'प्रकल्प' करणं बेकायदा आहे आणि क्रूरही. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही याच शहरात. सशाच्या कानातून रक्त काढण्याचं काम हात बसलेल्या पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावं. तुम्हाला लागणार एक मिलिलिटर, त्यापेक्षा जास्त मागू नका.

आता आपल्या गावचा प्रश्न, म्हणजे ऊन. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या वर गेलं की नराची प्रजननक्षमता घसरायला लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. कूलर लावला तरी वीज गेली की संपलं. म्हणून मी सांगतो, दिवाळी आटोपली की जोडी लावा. नोव्हेंबरच्या पाच तारखेला जोडी लावली तर गर्भकाळ साधारण एकतीस दिवसांचा, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं होतात. तिथून दहा आठवडे मोजले की फेब्रुवारीचा मध्य येतो. ऊन तापायच्या आत सगळं रक्त गोळा झालेलं असतं.

दहा आठवडे कशाला थांबायचं? यासाठी स्वतंत्र पायरी आहे, कारण माझे हात इथेच पोळले.

चौथी पायरी: हे रक्त कुणाचं, अँटिबॉडी कुणाच्या

मी नवखा असतानाची गोष्ट. बाप बी४बी४, आई बी४बी५. अपेक्षा सरळ होती: अर्धी पिल्लं बी४बी४, अर्धी बी४बी५. पिल्लं सात. मला घाई होती, म्हणून तीन आठवड्यांची असतानाच रक्त मिळवलं. जेलवर (ही तपासणी सहाव्या पायरीत येते; खूण असली की रेघ उमटते) सातही पिल्लांत बी५ ची रेघ. मी निष्कर्ष काढला की आई प्रत्यक्षात बी५बी५ असणार आणि तिच्या सीरममध्ये दिसलेला बी४ म्हणजे कुणाच्या तरी पिपेटची घाण. सहकाऱ्यावर खापर फोडून मी घरी गेलो.

अकराव्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी पुन्हा नमुने आले. आता पाच पिल्लांत बी५ होता. दोन पिल्लांत रेघच नव्हती. जुना जेल काढून पाहिला, तर त्याच दोघांच्या रेघा तेव्हाही फिकट होत्या. त्या फिकट रेघा आईच्या होत्या.

गाईचं वासरू अँटिबॉडी चिकातून घेतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्यामुळे सशाच्या पिल्लालाही त्या दुधातून मिळत असतील असं आपण धरून चालतो आणि 'पिल्लू दुसऱ्या मादीखाली ठेवू, म्हणजे आईच्या अँटिबॉडी येणार नाहीत' अशी शक्कल लढवतो. तिचा उपयोग नाही. सशात आईची आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य प्रकारची अँटिबॉडी, पिल्लू पोटात असतानाच पीतक पिशवीच्या आवरणातून त्याच्या रक्तात पोचलेली असते. पिल्लू जन्मतं तेच आईचा अॅलोटाइप अंगात घेऊन. तो त्याच्या जनुकात असेलच असं नाही.

सशाच्या आयजीजीचं अर्धायुष्य, म्हणजे ती निम्मी व्हायला लागणारा वेळ, साधारण सहा दिवस. तीन आठवड्यांत साडेतीन अर्धायुष्यं होतात, म्हणजे मूळच्या जवळपास एक दशांश आयजीजी शिल्लक असते. पिल्लू वाढल्याने ती आणखी पातळ होते, तरी जेलवर दिसू शकते. दहा आठवड्यांत अकराहून जास्त अर्धायुष्यं होतात, दोन हजारांत एक भागही उरत नाही. एवढ्यासाठी थांबायचं.

पाचवी पायरी: अँटिसीरम समजून मगच वापरा

बी५ ओळखायला बी५ विरुद्धचं अँटिसीरम, म्हणजे बी५ ला पकडणाऱ्या अँटिबॉडी असलेलं सीरम, लागतं. ते ज्या सशात बी५ नाही अशाच सशात तयार होतं. पण देणारा आणि घेणारा बाकी जागांवर सारखे हवेत. देणारा ए१ए१, बी५बी५ आणि घेणारा ए१ए१, बी४बी४ असेल तर फक्त बी५ विरुद्ध अँटिबॉडी मिळतील. घेणारा ए३ए३ असेल तर ए१ विरुद्धही मिळतील, आणि मग रेघ ए१ ची की बी५ ची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अँटिसीरमची नळी हातात घेतली की पहिला प्रश्न: हे कोणत्या सशाचं, आणि त्याला कुणाचं दिलं होतं?

नवख्याने अँटिसीरम स्वतः बनवण्याच्या फंदात पडू नये. मागून आणा.

आणि एक सापळा, जो छापील प्रयोगपद्धतीत मला कधी दिसला नाही. हे अँटिसीरम स्वतःच सशाचं सीरम आहे. बी५ विरुद्धचं अँटिसीरम बी४बी४ सशाचं, त्यात भरपूर बी४. बी४ विरुद्धचं अँटिसीरम बी५बी५ सशाचं, त्यात भरपूर बी५. जेलवर दोघांना शेजारच्या खड्ड्यांत ठेवलं तर ते एकमेकांशीच भिडतात आणि मधोमध झकास रेघ येते. नमुना बिचारा बाजूला. एका काचपट्टीवर एकच अँटिसीरम ठेवा.

सहावी पायरी: जेल

पद्धत स्वीडनच्या ऊख्तरलोनी यांची, १९४८ सालातली. स्वस्त आहे आणि डोळ्यांनी दिसते, म्हणून अजून टिकून आहे. बफरमध्ये एक टक्का अॅगरोज उकळून काचपट्टीवर ओता, थिजू द्या, मधे एक आणि भोवती सहा खड्डे पाडा. मधल्यात अँटिसीरम. भोवतालच्या तीन खड्ड्यांत आधीच प्रकार माहीत असलेले नमुने: बी४बी४, बी४बी५, बी५बी५. उरलेल्या तिघांत तुमची पिल्लं. तिघं आधीच माहीत असलेले म्हणजे जागा वाया गेली असं वाटेल. वाटू द्या. त्यांच्याशिवाय रेघ म्हणजे नुसती रेघ.

पट्टी ओल्या टिश्यूसह झाकणबंद डब्यात ठेवा आणि २४ ते ४८ तासांनी वाचा. एप्रिलनंतर आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की डबा नीट बंद नसेल तर सकाळी जेलचा पापड मिळतो. शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांच्या रेघा टोकाला जुळून अखंड कमान झाली तर दोघांत तोच अॅलोटाइप. एकमेकींना कापून फुली झाली तर वेगळे. जुळून एका बाजूला शेपटी निघाली तर एकात दुसऱ्यापेक्षा काही जास्तीचं आहे.

रेघ नाही म्हणजे अॅलोटाइप नाही असं लगेच लिहू नका. सीरम फार दाट असेल तर प्रतिजन इतका जास्त होतो की रेघ बनतच नाही. एकास चार, एकास सोळा असं पातळ करून पुन्हा लावा.

सातवी पायरी: 'नाही' आणि 'कमी' यांत फरक करा

दोन्ही अॅलोटाइप असलेल्या सशात ते निम्मे-निम्मे असतील असं समजू नका. बी४बी९ सशात बी४ चं पारडं चांगलंच जड असतं. बी९ ची रेघ बारीक आली म्हणजे ती खोटी नव्हे.

दोन्ही असतात, पण कुठे? सीरममध्ये. पेशीत नाही. १९६५ मध्ये पर्निस, केलुस, गेल आणि सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या रंगांनी दाखवलं की अशा सशाची प्रत्येक प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणारी पेशी) दोनांपैकी एकच अॅलोटाइप बनवते. आपल्याकडे कपाशीत तुरीचं आंतरपीक घेतात. वावर दोन्हींचं, पण प्रत्येक झाड एक तर तुरीचं नाही तर कपाशीचं. सीरम म्हणजे ते वावर.

आणखी एक गोष्ट आईच्या नोंदवहीत शोधायची: तिला कधी बापाच्या अॅलोटाइपविरुद्ध टोचलं होतं का? १९६२ मध्ये शेल्डन ड्रे यांनी दाखवलं की आईच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतील तर पिल्लात बापाकडून आलेला अॅलोटाइप दबून राहतो, आणि आईच्या अँटिबॉडी संपल्यावरही बराच काळ दबलेलाच राहतो. जनुक आहे, सीरममध्ये पत्ता नाही. चौथ्या पायरीच्या बरोबर उलट. तिथे आईमुळे नसलेलं दिसत होतं, इथे आईमुळे असलेलं दिसत नाही. अँटिसीरमसाठी वापरलेली मादी पुन्हा प्रजननाला घेतली की हा गोंधळ होतो. वंशावळ लिहिताना मादीच्या नावासमोर 'टोचलेली / न टोचलेली' हा रकाना ठेवाच.

डीएनए तपासला तर या दोन्ही फसवणुकी टळतात, कारण पिल्लाच्या पेशीतला डीएनए पिल्लाचाच असतो. सोय असेल तर जरूर करा. पण जनुक काय आहे हे डीएनए सांगेल, शरीर त्यातलं काय आणि किती बनवतंय हे सीरमच सांगेल.

आठवी पायरी: मोजणी

माझ्या त्या सात पिल्लांत पाच बी४बी५ आणि दोन बी४बी४ निघाली. 'सर, एकास एक यायला हवं होतं ना?' नाणं सात वेळा उडवा. पाच-दोन किंवा त्याहून वाकडी वाटणी होण्याची शक्यता १२८ मध्ये ५८, म्हणजे जवळपास ४५ टक्के. यात विचित्र काहीच नाही. एका वेतावरून प्रमाण सिद्ध होत नाही आणि खोडूनही निघत नाही. एकाच प्रकारच्या जोडीची चार-पाच वेतं एकत्र केल्याशिवाय काय-वर्ग चाचणीला (अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) हात लावू नका.

ए चं जुनं कोडं

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात म्हणून, आणि मला स्वतःला आवडतं म्हणूनही.

१९६३ मध्ये चार्ल्स टॉड यांना दिसलं की ए च्या त्याच खुणा आयजीजीवर आहेत आणि आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटिबॉडीवरही. या दोन अँटिबॉडींच्या जड साखळ्यांचा स्थिर भाग वेगळा, म्हणजे त्यांची जनुकंही वेगळी. मग बदलत्या भागाची खूण दोन्हीकडे तीच कशी? एका साखळीसाठी दोन जनुकं असली तरच हे शक्य होतं. एक जनुक, एक साखळी या तेव्हाच्या समजुतीला तो धक्का होता. जनुकांचे तुकडे खरोखर जोडले जातात हे तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं आणि १९८७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सशाने मात्र त्याचा सुगावा बराच आधी दिला होता.

दुसरा पेच असा की बदलत्या भागाची जनुकं सशाकडे शंभरावर आहेत. इतकी जनुकं असताना ए१, ए२, ए३ हे एकाच जनुकाचे प्रकार असल्यासारखे शिस्तीत कसे उतरतात? याचं उत्तर १९९० मध्ये नाइट आणि बेकर यांनी दिलं. ससा त्या सगळ्या रांगेतून बहुतेक वेळा एकच जनुक उचलतो, रांगेच्या टोकाचं व्हीएच१. त्याचाच प्रकार ए१, ए२ किंवा ए३ म्हणून दिसतो. विविधता नंतर येते, बाकीच्या जनुकांचे तुकडे त्यात नकलून आणि बारीक बदल करून. केलुस आणि वाइस यांना सापडलेला 'अॅलिशिया' ससा याचा पुरावा ठरला. तो ए२ घराण्यातला, पण त्याच्या गुणसूत्रावरून व्हीएच१ असलेला भागच गळलेला, आणि म्हणून सीरममध्ये ए२ जवळजवळ नाहीच.

साध्या सशातही थोड्या अँटिबॉडींवर ए ची कुठलीच खूण नसते, कारण त्या रांगेतल्या दुसऱ्या जनुकांपासून बनलेल्या असतात. म्हणून ए विरुद्धच्या अँटिसीरमने सगळी आयजीजी खाली बसली नाही, तर प्रयोग बिघडला असं समजू नका.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक नमुन्यापुढे सशाचा क्रमांक, आई-बापाचे क्रमांक, जन्मतारीख, रक्त काढल्याची तारीख आणि दोन्हींतला फरक दिवसांत. हा शेवटचा आकडा स्वतः काढून लिहा, तारखांवरून नंतर काढू म्हणू नका. मादी टोचलेली की न टोचलेली. अँटिसीरम कोणत्या सशाचं. जेलचा फोटो त्याच दिवशी. रेघेपुढे 'आहे', 'नाही' किंवा 'फिकट'. मी त्या वेळी 'आहे' आणि 'नाही' एवढे दोनच पर्याय ठेवले होते.

उरलेलं सीरम एकाच मोठ्या नळीत ठेवू नका. छोट्या नळ्यांत वाटून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे एका तपासणीला एकच नळी वितळेल. आणि फ्रीझरच्या दारावर एक कागद चिकटवा: वीज कधी गेली, कधी आली.